हिरडीकडून टोकाकडे

आमच्या सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात राहत. वर्गात हजेरी घ्यायची तर हे तोंडांकडे पाहत म्हणायचे, "फटीवाला आला. सोन्याची टोपी आली. अक्कलदाढ दिसत नाही, झोपली असेल." एकदा सिनेमाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी ओळखलं नाही. त्यानं जांभई दिली तेव्हा ओळखलं, आणि मग मिठी मारली. प्राचार्यांचा निरोप घेऊन शिपाई आला की विचारायचे, "कवळीनं बोलावलंय का?" प्राचार्यांना कवळी होती ही गोष्ट कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच ठाऊक नव्हती.

माझ्या खालच्या ओळीत एक दात तिरका आहे. म्हणून दोन वर्षं मी 'खालचा वाकडा' होतो.

मला ते मुळीच आवडत नसे. मी बी.एस्सी. होतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी अंगठ्याच्या पुढे गेलं नव्हतं. पुलगावच्या बाजारात वांग्या-भेदऱ्यांच्या, म्हणजे वांगी-टोमॅटोंच्या, ढिगामागे बसून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पोट्टा बीएस्सी झाला, बावा. आता थो वांगे नाई इकणार." वांगी विकायची नाहीत हे ठरलं होतं, काय करायचं ते ठरायला दोन वर्षं गेली. आणीबाणी उठून गेली, सरकारं बदलली, माझ्या अर्जांना उत्तर काही आलं नाही. शेवटी नागपुरात दंत-आरोग्याच्या पदविकेला नाव घातलं. दात काढायचे नाहीत, भरायचे नाहीत. लोकांनी आपले आपण राखावेत म्हणून शिकवायचं, एवढंच काम. पास झालो की ग्रामीण रुग्णालयात सरकारी जागा मिळण्यासारखी होती. अर्जाच्या दिवशी वयाची अट पंचवीस. पास होईपर्यंत मला चोवीस पूर्ण होऊन बरेच महिने होणार होते. म्हणजे एक वर्ष हुकलं की वांगी.

या पदविकेत शेवटचे निम्मे गुण बाहेरच्या परीक्षकाच्या हाती आणि निम्मे ग्रामसेवेचे. ग्रामसेवा म्हणजे आमचे सर.

सरांचा विभाग कॉलेजात सायकल स्टँडच्या मागे होता. बाकीचे प्राध्यापक म्हणत, तो विभाग नाही, ती सवय आहे. सर मूळचे साताऱ्याकडचे. विदर्भात बदली ही शिक्षा समजली जायची त्या काळात ते ती मागून घेऊन आले होते, आणि म्हणूनच त्यांच्या डोक्याविषयी सगळ्यांना शंका होती. दर शनिवारी ते आम्हाला घेऊन वर्धेकडच्या एस.टी.त बसत. बरोबर गोणपाटात गुंडाळलेला एक भला मोठा लाकडी जबडा असे. बैलबंडीची चाकं करणाऱ्या सुताराकडून त्यांनी तो बाभळीचा करून घेतला होता. त्याचं नाव भाऊसाहेब. भाऊसाहेबांना खिडकीजवळची जागा लागे.

कंडक्टर विचारायचा, "याचं तिकीट?"

सर म्हणायचे, "अर्धं. दुधाचे दात आहेत अजून."

एकदा एक तरणा कंडक्टर खरंच वाकून दात मोजायला लागला. अठरापर्यंत आला आणि देवळीचा स्टँड आला.

गावात पोचलं की भाऊसाहेबांना पारावर ठेवायचं, बूट पुसायच्या ब्रशनं त्यांचे दात घासून दाखवायचे आणि एकच वाक्य म्हणायचं: "हिरडीकडून टोकाकडे. उलटं नाही." वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. हे वाक्य सरांच्या अंगात इतकं भिनलं होतं की फळा पुसताना, केस विंचरताना, केळं सोलतानासुद्धा ते पुटपुटत. भाऊसाहेबांवर कुणाचा विश्वास बसत नसे, मग सर स्वतःच्या तोंडात करून दाखवत. दर घरी एकदा. दिवसाला दहा-अकरा घरं. याचा परिणाम असा की आमच्या अख्ख्या कॉलेजात सगळ्यांत झिजलेल्या हिरड्या दंत-आरोग्याच्या विभागप्रमुखांच्या होत्या. त्यांना कुणी हे म्हटलं की ते खूश होऊन ओठ वर करून दाखवायचे.

त्यांचा पहिला नियम होता: कुणाच्या घरी गेलात की त्यांना आपली रीत सांगण्याआधी त्यांच्या रीतीनं दात घासायचे. बाभळीची काडी असेल तर काडी, राखुंडी तर राखुंडी, कोळसा तर कोळसा. "पाहुण्यानं आधी ताटातलं खावं, मग मीठ कमी आहे म्हणावं." आमच्याबरोबर धरमपेठेतली एक मुलगी होती, फार मन लावून शिकणारी. तंबाखू सोडून, असं सरांनी बजावलेलं असताना एका म्हातारीकडे तिनं नियमाचं पालन म्हणून बोटभर गुडाखू लावला. तो तंबाखू-गुळाचा असतो हे तिला पुस्तकानं सांगितलं होतं, डोक्यानं नव्हतं. पाचव्या मिनिटाला बाजेवर आडवी. चार बाया पदरानं वारा घालताहेत आणि म्हातारी तिच्या कपाळावर हात ठेवून धीर देते आहे, "पह्यल्यांदा असंच होते वं बाई. चार दिवसानं सवय पडते."

गुडाखूचे तोटे सांगायला गेलेल्या मुलीला गुडाखूची सवय लागेल अशी आशा देणारं ते एकमेव शिबिर असेल. त्या संध्याकाळी सरांनी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले.

कारण दुसरा नियम. प्रत्येकानं रोज संध्याकाळी एका वहीत त्या दिवशीची आपली एक चूक लिहायची. किती दात तपासले, किती भाषणं ठोकली, हे कॉलेजच्या छापील फॉर्मवर, तीन प्रतींत. तो फॉर्म सर न वाचता सही करत. वाचायची ती चूकवही. या वहीपायी पोरांचे फार हाल व्हायचे. चूक न करण्यासाठी शिकायला आलेली पोरं चुका कुठून आणणार? एकानं वर्षभर पुरतील इतक्या आधीच रचून ठेवल्या होत्या. दुसरा आपल्या दहा पैशाला एक विकायचा.

मी त्यातला नव्हतो. मी रोज लिहायचो, "आज चूक नाही." खोटं कशाला लिहू? आमच्यासारख्याला चूक परवडत नाही. ज्याच्या बापाकडे दुसरं काही असतं त्यानं चुका कराव्यात.

सर त्याखाली लाल शाईनं एक शब्द लिहायचे, "बघू."

दुसऱ्या वर्षी ग्रामसेवेच्या परीक्षेसाठी त्यांनी नेमकं माझंच गाव निवडलं. पुलगावहून नाचणगाव ओलांडलं की सायकलीनं थोड्या अंतरावर, साठेक घरांचं गाव. आधी मला संकोच वाटला, मग म्हटलं, बरं झालं, घरचंच मैदान. त्याच सुमारास कुणा परोपकारी मंडळींनी कॉलेजला पेटीभर टूथब्रश दिले होते, वापराचा अहवाल पाठवायच्या अटीवर. ती पेटी मी माझ्या गावाला मिळवली. घरटी दोन ब्रश. शाळेच्या ओट्यावर उभं राहून मी मुखाच्या आरोग्यावर बोललो. आमच्या शेजारचे म्हातारे काका शेवटी म्हणाले, "लेका, तू नागपूरले जायाच्या आधी बरा बोलत होता."

लोक हसले, पण ब्रश सगळ्यांनी घेतले. एकही परत आला नाही. काही जणांनी तर विचारलं, "अजून दोन भेटन का?" मला केवढा आनंद झाला!

त्यानंतर आठवड्यानं पोळा होता. बाबांनी पुलगावच्या एका दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, "पोयाले येजो." मी उलट निरोप दिला, अभ्यास आहे. आणि होताच. पोळ्याच्या दिवशी मी होस्टेलच्या खोलीत बसून अहवालाचे मथळे आखले. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली, सगळं होस्टेल बघायला गेलं, मी तीही पाहिली नाही.

मग पंधराएक दिवसांनी पाहणीला गावी गेलो. पाहणीचा सरांचा नियम असा की ब्रश वापरता का, असं माणसांना विचारायचं नाही. "माणसं तुमचं मन राखायला हो म्हणतात. ब्रशाचे केस कुणाचं मन राखत नाहीत. ब्रश बघा." मी घरोघर गेलो. गडी-बैल वावरात, बाया घरी. म्हटलं, काही बोलू नका, नुसता ब्रश दाखवा. आपलं घर तेवढं सोडलं. पाहणीत नातलग नसावेत असं पुस्तकात होतं.

आणि काय सांगू! एकूण एक ब्रश झिजलेला. केस फाकलेले, वाकलेले. तीन आठवड्यांत एवढी झीज म्हणजे माणसं दिवसातून चार वेळा घासत असली पाहिजेत. पण दुसरी गोष्ट गंभीर होती. जवळजवळ प्रत्येक ब्रशाच्या केसांच्या बुडाशी लाल डाग. आणि बऱ्याच ब्रशांना रॉकेलचा वास. बाया ब्रश हातात देताना तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी ते हिरड्या दुखत असल्याचं लक्षण धरलं.

रात्रभर नव्हे, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत मी लिहिलं: ब्रशाचा वापर सर्व घरांत. हिरड्यांतून रक्तस्राव सार्वत्रिक. दातदुखीवर रॉकेल लावण्याची घातक प्रथा. उपाय, 'क' जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्यांचा तातडीनं पुरवठा. अहवाल इतका चांगला झाला की सरांना दाखवण्याआधीच मी त्याची एक प्रत कार्यालयात दिली, वर पाठवायला. सर वेळ लावतात, आणि मला वेळ नव्हता.

सरांनी अहवाल दोनदा वाचला. विचारलं, "घरी गेला होतास?"

"नाही सर. नातलग."

"बरं," ते म्हणाले, आणि समासात लिहिलं, "बघू."

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. परीक्षक मुंबईहून आलेले. सफारी सूट, आणि गावात शिरल्यापासून नाकाला रुमाल. त्यांना पाणी हवं होतं, पण शाळेच्या हंड्यातलं नको होतं. मी म्हटलं आमच्या घरून आणतो, आणि घरी गेलो. कित्येक महिन्यांनी.

माय पाणी गाळत होती. माझी नजर वळचणीला गेली. तिथं आमच्या घरचा ब्रश खोचलेला होता. केस अख्खे लाल, वाळून काडीसारखे कडक.

"माय, एवढं रक्त कोणाच्या हिरडीतून येऊन राह्यलं?"

मायनं आधी ब्रशकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "रक्त? वारनिश हाय थे. तुह्या बापानं बैलाचे शिंगं रंगवले ना त्याच्यानं. साऱ्या गावानं रंगवले. दुकानात लालच रंग उरला होता, मंग सारेच बैल लाल. मंग रॉकेलात धुतले ब्रश."

मी पाण्याचा गडवा धरून उभा.

"चिंधीनं रंग सारका बसत नाई," माय सांगत होती. "यंदा पोयाले आपल्या गावाचे बैल पाहाले नाचणगावचे लोक आलते. म्हणे, काय्यानं रंगवले? तुहंच नाव सांगतलं म्या. माह्या पोट्ट्यानं देल्ले म्हणलं ब्रश." मग तिनं विचारलं, "तुले ठावूक नाई? तू होता कुठी पोयाले?"

आणि वर म्हणते, "तुये मास्तर तं आलते. आपल्या खैऱ्याचं डावं शिंग त्याहीनंच रंगवलं. लय निगुतीनं रंगवते थो माणूस. आन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते."

पाणी घेऊन मी तरातरा परत निघालो, भीतीनं नव्हे, संतापानं. या माणसाला ठाऊक होतं!

ओट्यावर परीक्षक माझा अहवाल हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "फारच सुरेख निरीक्षण आहे. रक्तस्रावाकडे कुणाचं लक्ष जात नाही. ही गोळ्यांची शिफारस वर पोचली आहे, मंजूरही होईल. तुमच्यासारखे कष्टाळू तरुण हवेत." गुणपत्रिकेवर त्यांचं पेन टेकलेलं. सर शेजारी बसून भाऊसाहेबांवरची धूळ झटकत होते. माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते.

मी गप्प राहिलो असतो तर हे इथंच संपलं असतं, हे मला पुरतं कळत होतं. मी गप्प राहणारही होतो. वय आठवत होतं.

तेवढ्यात वावरातून बंड्या परत यायला लागल्या. एकामागून एक, शाळेवरूनच. ऊन उतरलेलं, आणि एकूण एक शिंग लालभडक. परीक्षकांनी नाकावरचा रुमाल पहिल्यांदा खाली घेतला. "अरे वा! किती छान! शिंगं कशानं रंगवतात हो तुमच्याकडे?"

प्रश्न मलाच होता. परीक्षेतला नव्हता. कुंचल्यानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिसरी बंडी आमची होती. खैऱ्याचं डावं शिंग उजव्यापेक्षा जास्त नीट रंगवलेलं लांबून दिसत होतं. बाबांनी मला ओट्यावर साहेबाशेजारी पाहिलं आणि बंडी थांबवून, हसून हात वर केला.

"ब्रशानं," मी म्हटलं. "आम्ही वाटलेल्या. दात कुणीच घासले नाहीत, साहेब. शिंगं घासली."

"म्हणजे हे रक्त..."

"वार्निश."

शाळेच्या भिंतीपलीकडे दहा-बारा माणसं उकिडवी बसून परीक्षा ऐकत होती हे तेव्हा कळलं, कारण ती एकदम हसली. म्हातारे काका म्हणाले, "आता बोलला बावा आपल्यासारखा!" सरांनी ओठ वर करून, झिजलेल्या सगळ्या हिरड्या दाखवत एवढ्या मोठ्यानं हसायला सुरुवात केली की खैऱ्या बुजला. परीक्षक तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपल्या निम्म्या गुणांत काठावरचा आकडाही दिला नाही. त्याच्या बराच खाली दिला. रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

जीप गेल्यावर मी सरांसमोर उभा राहिलो. "तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही पोळ्याला इथं होता. सांगितलं का नाही?"

"तुझ्या घरातली गोष्ट तुला साताऱ्याच्या माणसानं सांगायची?" ते म्हणाले. "वही आण. चूक लिही."

मी लिहिलं, "पुरेशी चौकशी न करता निष्कर्ष काढला."

सरांनी खोडलं. "हे पुस्तकातलं आहे."

मी लिहिलं, "रंग आणि रक्त यांतला फरक ओळखला नाही."

तेही खोडलं. "हे डोळ्यांचं. तुझी लिही."

शाळेमागच्या आमच्या गोठ्यातून बाबांचा आवाज येत होता, बैलांना काहीतरी सांगत होते. मग लिहिलं, "पोळ्याला घरी नव्हतो."

सरांनी ते वाचलं. या वेळी खाली 'बघू' लिहिलं नाही. ग्रामसेवेचे गुण किती दिले ते मला निकालाच्या दिवशी कळलं: होते तेवढे सगळे. परीक्षकाचा खड्डा भरून मी वर चार गुणांनी उरलो. गोळ्यांचं म्हणाल तर अहवाल चुकीचा असल्याचं सरांनी दोनदा लेखी कळवलं, पण एकदा निघालेली फाईल कुणाचं ऐकत नाही. तीन महिन्यांनी आमच्या गावाला खोकीच्या खोकी आली. आंबट लागतात म्हणून बायांनी थोड्या वरणात टाकून पाहिल्या, म्हणाल्या, चिंचेची सर नाही.

नोकरीचा हुकूम पुढच्या वर्षी आला, आणि रुजू व्हायची तारीख नेमकी पोळ्याची निघाली. मी एक दिवस उशिरा रुजू झालो. साहेबांनी विलंबाचं कारण लेखी मागितलं, मी लिहिलं, "पोळा होता." नोकरीच्या पहिल्याच दिवशी ताकीद मिळालेला आमच्या खात्यातला मी पहिलाच.

त्या पोळ्याला सकाळी घरी पोचलो तर सर आमच्या गोठ्यात आधीच येऊन बसलेले. बाबांनी खैऱ्याची वेसण धरलेली. डावं शिंग रंगवून झालं होतं. सरांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडाकडे, पाहून ओळख पटवून घेतली आणि लाल ब्रश पुढे केला.

"उजवं तुझं."

मी टोकापासून सुरुवात केली. रंग ओघळून खैऱ्याच्या कानापर्यंत आला. बाबा हसले. सरांनी माझं मनगट धरून शिंगाच्या बुडाशी नेलं.

"हिरडीकडून टोकाकडे, खालचा वाकडा," ते म्हणाले. "उलटं नाही."